ढोबळी मिरचीवरील पांढरी माशी आणि परभक्षी कोळी

शिरोळ तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, शेडनेटमधील १० गुंठे ढोबळी मिरचीवर पांढरी माशी दिसू लागली असून फवारणीचा गुण चार दिवसही टिकत नाही; अशा वेळी परभक्षी कोळी, म्हणजे किडी खाणारे सूक्ष्म कोळी, सोडावेत का, आणि तेच पुढे लाल कोळीसारखे पिकाला त्रास देणार नाहीत ना?

ही भीती रास्त आहे, परंतु दोघांची जात वेगळी आहे. लाल कोळी पानातील रस शोषतो, जाळी विणतो आणि संथ चालतो. परभक्षी कोळी पिकाला इजा करत नाही. पान उलटे करून दहापट भिंगातून शिरांच्या बेचक्यात पाहिल्यास जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा, फिकट, चकचकीत जीव भराभर पळताना दिसतो, तोच हा. पांढऱ्या माशीसाठी जगभर ॲम्ब्लीसियस स्विर्स्की ही जात वापरतात. ती माशीची अंडी आणि नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले खाते. मोठी पिल्ले व उडणारी माशी तिच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणूनच पाने चिकट होऊन त्यांवर काजळी चढल्यावर कोळी सोडण्यात अर्थ नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

ढोबळी मिरचीत मोठी सोय अशी की, कीड नसतानाही हा कोळी फुलातील परागावर तग धरतो. त्यामुळे पीक फुलावर येताच, कीड तुरळक असताना, दर चौरस मीटरला २५ ते ५० कोळी सोडावेत. आपल्या १० गुंठ्यांसाठी, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरसाठी, २५ ते ५० हजार कोळी लागतील. कोळी भुशात मिसळून येतात; माल आल्यावर त्यातला चिमूटभर भुसा काळ्या कागदावर पसरून कोळी जिवंत आहेत का हे भिंगाने तपासावे आणि त्याच दिवशी संध्याकाळी सोडावेत. कोरड्या हवेत त्यांची अंडी सुकतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी शेडनेटमध्ये फॉगर (धुक्यासारखे पाणी उडवणारे यंत्र) चालवून आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर ठेवावी.

खरी अडचण फवारणीची आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांचा अंश पानावर कित्येक आठवडे राहून कोळ्यांना मारतो, तर ॲबामेक्टिन हे कीडनाशक आणि गंधकही त्यांना घातक आहे. नुकतीच अशी फवारणी झाली असल्यास कोळी मागवण्याची घाई करू नये. उडणाऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत. कोळ्यांना पंख नसल्याने ते त्यांत अडकत नाहीत.

हातकणंगल्याहून टोमॅटो आणि उसाबद्दलही विचारणा झाली आहे. टोमॅटोच्या चिकट लवेत हा कोळी नीट वावरू शकत नाही, त्यामुळे तेथे तो वापरू नये. उसावरील पांढरी माशी वेगळी असून ती पाणी साचणाऱ्या रानात आणि नत्र कमी पडलेल्या खोडव्यात बळावते. तेथे आधी चर काढून निचरा करावा आणि नत्राचा हप्ता वेळेवर द्यावा.