पंचवीस लाखांची गरिबी

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. त्याने पाठवलेल्या माहितीत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मॅकडॉवेल या ग्रामीण काउंटीची (म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाची) गणना देशातील अतिशय गरीब भागांत केलेली आहे. मात्र तेथील कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीस हजार डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस लाख रुपये दाखवले आहे. एवढ्या उत्पन्नाला गरिबी कसे म्हणावे? शिवाय तेथील पुरुषांचे आयुर्मान ६४ वर्षे लिहिले आहे, ही छपाईची चूक तर नव्हे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डॉलरचे रुपये करून पाहण्याचा मोह आपल्याकडे सर्वांनाच होतो, परंतु ज्याची मिळकत डॉलरमध्ये आहे त्याचे घरभाडे, पेट्रोल आणि औषधेही डॉलरमध्येच आहेत. आपण दिलेला आकडा सरासरीचा नसून मध्यकाचा आहे. काउंटीतील सर्व कुटुंबे उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली, तर अगदी मधल्या कुटुंबाचे उत्पन्न तेवढे येते, म्हणजेच निम्मी कुटुंबे त्याच्याही खाली आहेत. संपूर्ण देशाचा हाच मध्यक २०२२ साली पंच्याहत्तर हजार डॉलरच्या आसपास होता आणि आई, वडील व दोन मुले अशा कुटुंबासाठी २०२३ सालची सरकारी दारिद्र्यरेषा ३०,९०० डॉलर होती. या रेषेखाली काउंटीतील सुमारे एक तृतीयांश लोक येतात.

ही रेषाही समजून घेण्यासारखी आहे. सामाजिक सुरक्षा प्रशासनातील मॉली ऑर्शान्स्की यांनी १९६०च्या दशकात काटकसरीच्या आहाराचा खर्च काढून त्याची तिप्पट केली, कारण त्या काळी कुटुंबाच्या मिळकतीचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर जात असे. तेव्हापासून महागाईनुसार रक्कम वाढत गेली, पण पद्धत मुळात तीच राहिली. न्यूयॉर्कमधील भाडेकरूला आणि मॅकडॉवेलच्या दरीत वडिलोपार्जित घरात राहणाऱ्याला एकच रेषा लागू होते. सरकारकडून मिळणारी अन्नकुपने तर उत्पन्नात धरतच नाहीत. गंमत अशी, की राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या कारकिर्दीत, मे १९६१ मध्ये, प्रायोगिक योजनेतील पहिली कुपने याच काउंटीच्या वेल्च या मुख्य गावी एका बेरोजगार खाणकामगाराच्या पंधरा माणसांच्या कुटुंबाला देण्यात आली होती. ती ९५ डॉलरची होती.

तथापि माझ्या मते या काउंटीचा खरा आकडा उत्पन्नाचा नसून लोकसंख्येचा आहे. १९५० मध्ये येथे ९८,८८७ माणसे राहत होती; २०२० च्या जनगणनेत १९,१११ उरली. ग्रामीण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शेती येते, पण येथे उभ्या डोंगरांमधील चिंचोळ्या दऱ्या आहेत आणि पोलाद गाळण्यासाठी लागणारा उत्तम कोळसा आहे. १९५० नंतर खाणींत यंत्रे झपाट्याने आली, तेवढाच कोळसा काढायला पूर्वीच्या अंशभर माणसे पुरू लागली, आणि १९८०च्या दशकात यू. एस. स्टील कंपनीने गॅरी येथील खाणी बंद केल्यावर उरलासुरला आधारही सुटला. जे तरुण होते, ज्यांच्या हातात दुसरे कसब होते, ते बाहेर पडले. आता असे समजा, की चांगले कमावणारे एक कुटुंब उत्तर कॅरोलायनातील शार्लटला राहायला गेले. काउंटीत कोणीही अधिक गरीब झालेले नाही, तरीही गरिबांचे शेकडा प्रमाण वाढले, कारण भागाकारातील खालची संख्या घटली. प्रमाण नेहमी मागे राहिलेल्यांचे असते, हे असे तक्ते वाचताना सहसा ध्यानात येत नाही.

बेरोजगारीच्या दराचेही तसेच आहे. काम शोधणे ज्याने सोडून दिले, तो बेरोजगारांत मोजला जात नाही. म्हणून येथे काम करणाऱ्या व शोधणाऱ्या प्रौढांचे एकूण प्रमाणच पाहावे लागते, आणि ते निम्म्याहून बरेच खाली आहे. त्यात वेल्चजवळ २०१० पासून केंद्र सरकारचा तुरुंग आहे. जनगणनेच्या नियमानुसार कैदी जेथे डांबलेला असतो तेथील रहिवासी ठरतो, परंतु कुटुंबांच्या उत्पन्नात आणि दारिद्र्याच्या हिशेबात तो येत नाही. शिवाय उत्पन्नाचे आकडे जनगणनेतून नव्हे, तर नमुना पाहणीतून येतात. ६५ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीसाठी पाच वर्षांच्या उत्तरांची गोळाबेरीज करावी लागते आणि तरीही चुकीची मर्यादा मोठी राहते. एखाद्या वर्षी आकडा हजार डॉलरने वर गेला, तर लगेच भरभराट झाली असे मानू नये.

आयुर्मानाच्या आकड्यात छपाईचा दोष नाही. २०१० साठी वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी काढलेला तो अंदाज आहे. त्याच हिशेबात, मोटारीने सुमारे ५६० किलोमीटरवर असलेल्या व्हर्जिनियाच्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीतील पुरुषांचे आयुर्मान ८२ वर्षे आहे. हृदयविकार, मधुमेह, खाणीतील धुळीने जडणारा फुप्फुसांचा रोग आणि वेदनाशामक अफूजन्य गोळ्यांचे व्यसन ही कारणे खरीच आहेत. मात्र आयुर्मानाचे गणित मृत्यूच्या वेळच्या पत्त्यावरून मांडले जाते. वेल्चला जन्मून, विशीत गाव सोडून, पंच्याऐंशीव्या वर्षी शार्लटमध्ये वारलेला खाणकामगाराचा मुलगा त्यात शार्लटच्या खात्यावर जमा होतो.