तीन हजार डॉलर न भरता ओपन ॲक्सेस

प्रश्न : मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पातळ थरांच्या गॅस सेन्सरवरचा आमचा शोधनिबंध परदेशी जर्नलने स्वीकारला आहे. आता फॉर्म आलाय : ‘ओपन ॲक्सेस’ (निबंध सगळ्यांना मोफत वाचता येतो) घेतलं तर सुमारे ३,००० डॉलर, नाहीतर ‘सबस्क्रिप्शन’ (वाचणाऱ्याला पैसे भरावे लागतात). भारतीयांना फी माफ असते असं ऐकलं होतं.

उत्तर : सबस्क्रिप्शनवर टिक करा. त्याला सहसा फी नसते आणि निबंध पुढे खुलाही करता येतो. चुकून दुसऱ्या चौकोनात टिक पडली, तर बिल करस्पॉण्डिंग ऑथरच्या (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाच्या), म्हणजे तुमच्याच नावे निघेल.

फीमाफीचं म्हणाल, तर मोठे प्रकाशक रिसर्चफॉरलाइफ या गरीब देशांसाठीच्या उपक्रमाच्या अ आणि ब गटांतल्या देशांना सवलत देतात. भारत त्यांत नाही. अडचण सांगून माफी मागता येते, पण ती लेख पाठवतानाच. शिवाय दोन्ही मार्ग ठेवणाऱ्या हायब्रिड जर्नलना ती बहुधा लागूच नसते. थोडक्यात, ती वेळ गेली.

आता फुकटचा मार्ग, ज्याला ‘ग्रीन’ म्हणतात : ठरलेली मुदत संपली की निबंधाची आपल्याकडची प्रत रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन भांडारात, खुली ठेवायची. परीक्षकांच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त करून पाठवलेली आणि स्वीकारली गेलेली शेवटची वर्ड फाइल आजच वेगळी ठेवा. सगळं याच फाइलवर अवलंबून आहे, आणि वर्षभराने नेमकी तीच सापडत नाही. मग लोक जर्नलचा लोगो असलेली सुंदर पीडीएफ चढवतात आणि ती उतरवण्याची नोटीस येते.

थांबायचं किती, हे जिस्क या ब्रिटिश संस्थेच्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या साइटवर जर्नलचं नाव टाकून पाहा, जुनं शेर्पा रोमिओ ते हेच. स्प्रिंगरच्या बहुतेक जर्नलना प्रकाशनानंतर १२ महिने लागतात, एल्सेव्हिअरकडे मुदत जर्नलगणिक बदलते. विद्यापीठाची रिपॉझिटरी नसेल तर सर्न या युरोपीय प्रयोगशाळेचं झेनोडो हे भांडार आहे, मोफत. तिथे ‘एम्बार्गो’ची (फाइल बंद ठेवण्याच्या मुदतीची) तारीख घातली की फाइल त्या दिवशी आपोआप खुली होते. दोन ठिकाणी हमखास चुकतं. डीओआयच्या (लेखाच्या कायमच्या डिजिटल क्रमांकाच्या) रकान्यात छापील लेखाचाच क्रमांक द्या. नवा घेतलात तर एकाच निबंधाच्या दोन नोंदी होतात आणि उद्धरणं विभागली जातात. आणि परवान्याच्या जागी सीसी बाय (श्रेय देऊन कुणीही वापरावं, असा खुला परवाना) आधीच भरलेलं असतं. ते काढून प्रकाशकाने सांगितलेलाच परवाना लिहा, कारण सीसी बाय देण्याचा हक्क सबस्क्रिप्शनच्या करारात बहुधा तुमच्याकडे उरत नाही.

प्रश्न : ‘७२ तासांत प्रकाशन, फी ३,५०० रुपये, यूजीसी केअर मान्य’ असा मेल आलाय. पाठवू का?

उत्तर : नको. तीन दिवसांत परीक्षण होत नाही, आणि केअर ही मान्य जर्नलांची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आयएसएसएन असला तरी तो जर्नलचा फक्त नोंदणी क्रमांक, दर्जाची हमी नव्हे. चांगल्या जर्नलचं नाव चोरून हुबेहूब साइट उभारणारेही आहेत. म्हणून मेलमधली लिंक सोडा, डीओएजे या खुल्या जर्नलांच्या सूचीत जर्नल शोधा आणि तिथल्याच लिंकवरून आत जा.

प्रश्न : लेखकाकडून पैसे न घेणारी आणि खुलीही असणारी जर्नल आहेत का?

उत्तर : आहेत, त्यांना ‘डायमंड’ म्हणतात. डीओएजेत ‘फी नसलेली’ हा फिल्टर लावा. सेंद्रिय रसायनवाल्यांना बाइलस्टाइन संस्थेचं जर्नल मिळेल. मटेरिअल्स सायन्सवाल्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘बुलेटिन ऑफ मटेरिअल्स सायन्स’ही पाहावं. ते काटेकोर अर्थाने डायमंड नाही, पण लेखांच्या पीडीएफ अकादमीच्या साइटवर कुणालाही वाचता येतात.