पहिली गाडी : देशी की विदेशी?
नावावर जाऊ नकोस. मारुतीला आपण घरची म्हणतो, पण तिची मालकी जपानच्या सुझुकीकडे. आणि जर्मन फोक्सवॅगन बनते आपल्या चाकणला. आधी बघायचं ते सर्व्हिस आणि स्पेअर पार्ट. माझी पहिली गाडी ज्या परदेशी कंपनीची होती, तिने भारतातून गाशा गुंडाळला. एका हेडलाइटपायी गाडी दीड महिना सोसायटीत उभी, आणि मी रिक्षाने!

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर नको. घोडबंदरला गायमुखच्या चढावर ने, चौघं बसव, एसी लाव, दुसऱ्या गिअरला दम टाकते का बघ. भारत एनकॅपचे, म्हणजे अपघातात गाडी किती सुरक्षित हे तपासणाऱ्या चाचणीचे, स्टारही बघ. ही चाचणी २०२३ पासून आपल्याकडेच होते. आणि आईला सोबत ने. मागच्या सीटवर तिला गुडघे न अवघडता बसता आलं पाहिजे.