तालमीला रोज, चालायला उद्यापासून

"ठरवतो, पण होत नाही. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे वर्षभर येतात, पाडव्यानंतर आणि गणेश चवथीनंतर जरा जास्त. कुणाला वजन उतरवायचं असतं, कुणाला खात्याची परीक्षा द्यायची असते, कुणाला रात्री मोबाइल बाजूला ठेवायचा असतो. चेहरा मात्र सगळ्यांचा सारखाच, चोरी पकडली गेल्यासारखा. त्यातल्याच माशेलकडच्या एका गृहस्थांची ही गोष्ट. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना सुधाकर म्हणू.

सुधाकर सत्तेचाळीस वर्षांचे, पणजीत सरकारी नोकरीला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, ६.३ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. त्यात आपलं राज्य गोवा: भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त इथेच निघालं, २६.४ टक्के. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चाला. सुधाकरांनी ठरवलं, रोज पहाटे पाचला उठून एक तास. हिशेब केला तर आठवड्याला ४२० मिनिटं झाली. डॉक्टरांनी मागितलं त्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही जन्मात सहाच्या आधी न उठलेल्या माणसाने.

पहिल्या भेटीला ते बायकोला घेऊन आले आणि पिशवीत चालायचे नवे बूटही. पुरावा म्हणून आणले असावेत. मी बूट उलटा करून पाहिला. तळव्यावरचं किमतीचं लेबल जसंच्या तसं, कडासुद्धा उचललेल्या नव्हत्या.

"मॅडम, ह्यांचं फाल्यां कधी उजाडतच नाही," वहिनी म्हणाल्या. फाल्यां म्हणजे उद्या. सुधाकर खाली मान घालून हसले. पाडव्याला त्यांनी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संकल्प जाहीर केला होता, पन्नासेक अंगठे आले होते. मला हा प्रकार फारसा पसंत नाही. चालायच्या आधीच शाबासकी मिळाली की चालायचं निम्मं कारण संपतं.

अशा वेळी मी एक गोष्ट आधी पाहून घेते. पूर्वी आवडणाऱ्या कामातलाही रस गेलाय का, झोप-भूक बिघडलीय का, मन सतत उदास आहे का. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर तो आळस नव्हे, नैराश्य असू शकतं, आणि त्याला वेळापत्रक कामाचं नाही, डॉक्टर हवा. बांबोळीला मनोरुग्णालय आहे, टेली-मानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे जायला लाजू नये.

म्हणून विचारलं, "सध्या मन लावून काय करता?"

"नाटक," ते लगेच म्हणाले, आणि खुर्चीत सरळ बसले. देवळाच्या उत्सवातलं मराठी नाटक. गावातलीच माणसं, वर्षानुवर्षं. यंदा मोठी भूमिका. तालीम रात्री दहाला, साडेबारापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीची बस. तालमीला दांडी मारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

इथेच मला धागा सापडला. दीड महिना रात्री जागून पानंच्या पानं पाठ करणाऱ्या माणसात इच्छाशक्ती नाही, हे मी कसं मानू?

"तिथे कसं जमतं?"

"तिथं लोक थांबलेले असतात हो."

एवढ्यावर भागणार नव्हतं. मी तालीम कशी चालते ते बारीकसारीक विचारत गेले. कुठे? देवळाच्या अग्रशाळेत, ठरलेली जागा. निघता कधी? जेवण झालं की शेजारचा हाक मारतो, जातो. किती दिवस? प्रयोगाच्या तारखेपर्यंत. आणि कुणी आलाच नाही तर? "मग त्याचे संवाद प्रॉम्प्टर वाचतो. तालीम मोडत नाही. दुसऱ्या दिवशी तो येतो, थोड्या शिव्या खातो, उभा राहतो."

हे शेवटचं उत्तर मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. चालण्याच्या बाबतीत त्यांचं काय होत होतं? दोन-तीन दिवस जायचे, एके दिवशी पाऊस किंवा पाहुणा, की "मोडलंच आता, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून करू." दांडीचा बंदोबस्त नाटकात होता, त्यांच्या संकल्पात नव्हता.

पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात नेमकं यावरच काम केलं: 'मला हे करायचंय' एवढ्यावर न थांबता 'अमुक झालं की, अमुक ठिकाणी, हे करीन' असं आधीच बांधून ठेवणं. २००२ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना व्यायाम कधी आणि कुठे करणार ते लिहून द्यायला सांगितलं. त्यांतल्या ९१ टक्क्यांनी तो केला. ज्यांना फक्त हृदयविकाराची माहिती वाचायला दिली त्यांच्यात ३५ टक्के, तीही न दिलेल्यांत ३८. प्रश्न एका आठवड्याच्या व्यायामाचा होता, म्हणून आकडे डोक्यावर घेऊन नाचू नये. पण भीती घालून माणूस चालायला लागत नाही, हे माझ्या खोलीत मला रोज दिसतं. वहिनींचा सगळा भर नेमका भीतीवर होता.

पहाट आम्ही आधी रद्द केली. सुधाकरांचं ऑफिस कांपालच्या बाजूला. सुटलं की ते सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून कदंब बसस्टँडला जायचे. मांडवीच्या कडेने तोच रस्ता चालून गेलं तर अर्धा-पाऊण तास लागतो. ठरलं असं: बॅग खांद्याला लागली की पाय नदीच्या बाजूला. बूट ऑफिसच्या कपाटात. आठवड्यातून चार दिवस, पाच नाहीत. चारावर ते नाराज होते, "इतकंच?" म्हणाले. मी म्हटलं, इतकंच.

"आणि जून लागला की?" यावर ते बराच वेळ गप्प बसले. गोव्यातल्या पावसात छत्री घेऊन मांडवीच्या कडेला कोण चालणार! मग त्यांनीच सुचवलं: जोराचा पाऊस असेल त्या दिवशी घरी येऊन आंघोळ आणि आरतीआधी सभामंडपात फेऱ्या. देवळातल्या बायका हसतील का, याची चिंता त्यांना एकच दिवस पडली. स्कूटरवाल्या सहकाऱ्याला सांगायचं कामही त्यांचंच: "मी विचारलं तरी बसवू नको." वहिनींना मी एवढंच सांगितलं की "आज गेला होता का?" हा प्रश्न महिनाभर विचारायचा नाही. त्यांना ते सगळ्यांत जड गेलं.

पावसाळा बरा गेला. चवथीला घसरलं. मूळ घरी मंडळी जमली, नेवऱ्या, पातोळ्या, घुमट आरत्या, जागरणं. पुढच्या भेटीला चेहरा पुन्हा पहिल्यासारखा. "परत तेच झालं, मॅडम. दहा दिवस."

मी आधी लिहून ठेवलेला त्यांचाच कागद पुढे सरकवला. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, 'सणानंतर ऑफिसचा पहिला दिवस, बॅग, नदी.' तो दिवस परवावर होता. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवय जडायला किती दिवस लागतात ते मोजलं होतं (२०१० मध्ये प्रसिद्ध झालं): मधला आकडा ६६, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. दहा दिवसांची गोष्ट वेगळी. म्हणून तर परतीचा दिवस आधी लिहून ठेवायचा. ठरल्या दिवशी ते गेले. आता चारातले बहुधा तीन दिवस होतात. साखर पुढच्या तपासणीत कळेल, आणि त्यात औषध-पथ्याचाही वाटा असेल.

एक राहिलंच. चालण्याखेरीज त्यांच्या वहीत आणखी तीन संकल्प होते, त्यांतला एक पेटी शिकण्याचा. सात वर्षांपूर्वी घेतलेली पेटी कपाटावर धूळ खात होती आणि रोज दिसायची. "हे खरंच तुम्हाला हवंय?" असं विचारल्यावर ते चिडले. दोन भेटींनंतर म्हणाले, ती इच्छा वडिलांची होती. पेटी त्यांनी भाच्याला दिली, तो क्लासला जातो.

"वाईट वाटलं?"

"दोन दिवस. मग कपाटावर नाटकाच्या पगड्या ठेवल्या."