पिकअपसाठी पहिला कॅम्पर शेल घेताना
रंग आणि खिडक्या नंतर पाहा. आधी शेल, म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यावर बसवायचे छतासह आच्छादन, तुमच्या गाडीच्या हौद्याच्या मापाचा आहे याची खात्री करा, कारण थोडा जरी फरक असला तरी फटीतून पाणी आत येणारच. फायबरग्लास गंजत नाही, मात्र जोराच्या धक्क्याने तडकते. अ‍ॅल्युमिनियम हलके असते, पण त्याला पोचे पडतात. नवखे बहुधा फसतात ते शेलच्या छताच्या भारमर्यादेबाबत: गाडी उभी असतानाचा आकडा ऐकून ते समाधान मानतात, चालत्या गाडीची मर्यादा मात्र त्याहून बरीच कमी असते आणि विचारायची तीच. शेलचे स्वतःचे वजनही गाडीच्या भारक्षमतेतच मोजले जाते. जुना शेल घेत असाल, तर मागच्या दाराभोवतीची रबरी पट्टी बोटाने दाबून पाहा; ती कडक होऊन भेगाळली असेल, तर बदलण्याचा खर्च निःसंकोच किमतीतून वजा करून मागा.