लॉनमध्ये घुशींनी बिळं केली आहेत, घरी कुत्रा आहे म्हणून विष टाकायचं नाही, घरगुती काय करता येईल?

करता येतं, आणि विष टाकत नाही हे फार चांगलं करून राहिले तुम्ही. आमच्या गल्लीत कोणीतरी टाकलं होतं, एक मांजर आमच्या पायरीशी तडफडून मेली, ते मी विसरू शकत नाही.

आम्ही नागपुरात बेसा रोडकडे राहतो, सगळी काळी माती, मे महिन्यात आजूबाजूचे प्लॉट भेगाळून दगड होतात आणि ओली मऊ जमीन फक्त आपल्या लॉनची, मग घूस तिथंच येणार नं. आमच्याकडे तर गवतावर पाय ठेवला की खालची माती बसायची इतकं पोखरलं होतं.

आधी चालू बिळं शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. संध्याकाळी एकूण एक बीळ मातीनं दाबून बंद करा आणि सकाळी पाहा. आम्ही अकरा बुजवली, त्यातली तीनच परत उघडली, तोंडाशी भुरभुरीत ताज्या मातीचा ढीग. खाली सांगते ते मिरची-लसणाचं औषध त्या तीनमध्येच घातलं.

मूठभर लाल मिरची, आमच्याकडे भिवापुरी असते, आणि लसणाचा एक गड्डा वाटून दोन लिटर पाण्यात उकळायचं, पण उकळा अंगणात, घरात उकळलं तर खोकून खोकून जीव जातो. रात्रभर ठेवायचं. मग चार चमचे एरंडेल आणि एक चमचा भांड्याचं लिक्विड आधी वाटीत चांगलं फेसायचं आणि मग त्यात टाकायचं, नुसतं तेल टाकलं तर वरच तरंगत राहते. बिळात ओता, जुनी चिंधी त्यातच भिजवून तोंडात कोंबा, चार-पाच दिवसांनी परत, पाऊस आला की लगेच परत. तेवढा वेळ कुत्र्याला आत बांधा, नाक घालतो तो.

पण एवढ्यानं घूस कायमची जात नाही, खायला मिळालं की परत येते. आमच्याकडे चिमण्यांना टाकलेले तांदूळ आणि कुत्र्याच्या भांड्यात रात्रभर उरलेलं अन्न होतं, ते बंद केलं तेव्हा खरा फरक पडला. नंतर कंपाउंडच्या कडेनं अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी दीड-दोन फूट खोल गाडली, खर्च झाला पण तिकडून नवीन बीळ नाही.

डांबर गोळ्या टाकू नका, कुत्र्याच्या पोटात गेल्या तर विषच. मीठ नि फिनाईलनं गवत जळते. आणि हातमोजे नक्की घाला, घुशीच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो, पावसाळ्यात तर जास्तच.

भिंतीच्या पायाखाली बीळ असेल तर मिरचीवर थांबू नका, मोठा पिंजरा आणून त्यात भजं लावा. सकाळी किती बिळं उघडली ते कळवा, मग पुढचं सांगते.