हेपॅटायटिस सी बरा झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी काढावी लागते का?

वडील 58 वर्षांचे, गोळ्या संपून आठ महिने झाले, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू मोजायची तपासणी) निगेटिव्ह, तरी डॉक्टर सोनोग्राफीला बोलावतात, एवढं तुम्ही लिहिलं. फायब्रोस्कॅन आणि सोनोग्राफी, "दोन्हीपैकी चांगली कोणती" असंही विचारलं, आणि शेवटी "आता रोगच नाही तर उगाच खर्च कशाला" हेही लिहिलं. ते वाचून मला वाटलं, माझा साळाच नाव बदलून इथं आला की काय.

पहिले तुमचं उत्तर. गोळ्यांनी विषाणू जातो, लिव्हरवर पडलेले वण त्याच्यासोबत जात नाहीत. औषधाआधी सिऱ्होसिस, म्हणजे वणांनी लिव्हर कडक झालेलं, होता का, यावर सगळं आहे. होता, तर कॅन्सरची गाठ होत नाही ना हे पाहायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरचा इशारा देणारी रक्ताची तपासणी), आणि हे कायमचं. नव्हता आणि वण थोडेच होते, तर साधारणपणे गरज नसते. हे ज्यावरून कळते, तो आकडाच तुम्ही दिला नाही. औषध सुरू व्हायच्या आधीचा फायब्रोस्कॅनचा, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या मशीनचा, कागद शोधा. हेपॅटायटिस सी मध्ये तो आकडा साडेबारा किलोपास्कलच्या (कडकपणाचं माप) आसपास किंवा वर असेल, तर डॉक्टर सिऱ्होसिस धरूनच चालतात. गोळ्यांनंतरचा आकडा दाखवून कोणी भुलवलं तर भुलू नका. मी भुललो होतो.

मी आर्णी तालुक्यातला. 1994 साली बैल बुजून बंडी उलटली, मांडी मोडली, दोन बाटल्या रक्त चढलं. तेव्हा रक्तपेढीत सी ची तपासणी होत नव्हती, ती सक्तीची झाली 2001 मध्ये. वरून गावातला डॉक्टर एकच काचेची पिचकारी उकळून अख्ख्या गावाला टोचायचा. कुठून आला, आता कोण सांगणार? कळलं ते 2021 मध्ये, गावात रक्तदान शिबिर झालं त्यानंतर फोन आला तेव्हा.

फायब्रोस्कॅनसाठी नागपूरला गेलो. पहाटेची एसटी, उतरलो तेव्हा पोटात कावळे. बसस्टँडसमोर दोन प्लेट पोहे हाणले, वरून तर्री. मशीनवाल्या पोरीनं झोपवलं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावला, बरगड्यांच्या मधात थंडगार जेल लावून दांडी टेकवली. कोणी टिचकी मारावी तशी टक, टक, दहा वेळा. आकडा आला 18.4. मग तिनं विचारलं, "काका, सकाळी काही खाल्लं का?" पोहे म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. खाल्लं की लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो आणि आकडा फुगतो. निदान तीन तास पोट रिकामं पाहिजे. हे झोपवायच्या आधी विचारायचं असते ना बाई! दुपारी परत केला, 14.6. म्हणजे पोहे वजा केले तरी सिऱ्होसिस होताच.

गोळ्या सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळाल्या. रोज एक, बारा आठवडे, 84 गोळ्या. संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड केला, विषाणू नाही. वर्षानं फायब्रोस्कॅन केला तर 9.1.

इथून आमचं भांडण सुरू झालं. साळा तालुक्याला राहतो, मेडिकल स्टोअरवर बसतो, त्यामुळे स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. म्हणे, "भाऊजी, चौदाचं नऊ झालं, निगेटिव्ह बी आलं. मंग काहून दर खेपेले लुटून घेता सोताले?" मला पटलं. सोनोग्राफीची एक खेप चुकवली. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी फाईल मिटवली आणि सरळ बोलले: सूज उतरली म्हणून आकडा उतरला, वण किती मिटले हे त्यावरून कळत नाही, कॅन्सरची भीती कमी झाली पण संपली नाही. गाठ दुप्पट व्हायला पुष्कळदा चार-सहा महिने लागतात, म्हणून सहा महिन्यांचा हिशोब. फायब्रोस्कॅन लिव्हर किती कडक झालं ते सांगतो, गाठ दाखवत नाही. गाठ शोधायची ती सोनोग्राफीनं. तुमच्या प्रश्नातलं "दोन्हीपैकी चांगली कोणती" हे त्यामुळे बरोबर नाही, दोन्हींचं काम वेगळं.

मग साळ्यानं तालुक्याला एका सोनोग्राफी सेंटरवर नेलं, "नागपूर कायले पाहिजे" म्हणून. दोन मिनिटांत आटोपलं, कागदावर "लिव्हर नॉर्मल". जुना एकही कागद त्या डॉक्टरनं मागितला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही पिशवी घरी विसरलो होतो. तो कागद साळ्यानं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आहे, लग्नात-तेरवीत दाखवतो. म्हणून सांगतो, टेबलावर झोपायच्या आधीच बोला: सिऱ्होसिस आहे, सी चा उपचार झाला आहे, गाठ शोधायची आहे. मागचे सगळे रिपोर्ट पुढ्यात ठेवा. सहा-आठ तास उपाशी, चहासुद्धा नाही. जमलं तर दर वेळी तेच सेंटर.

सहाव्या सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात 14 मिलिमीटरचा ठिपका निघाला. एक सेंटीमीटरच्या आत असता तर तीन महिन्यांनी परत पाहिलं असतं, वर म्हणून क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) करून ट्रिपल फेज सीटी, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन. पैसे नव्हते, तूर घरात पडली होती आणि भाव उतरलेला. साळ्यानं दिले, ते नाकारत नाही. सीटीत निघाला हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचा साधा गोळा, कॅन्सर नाही. मी दोन क्विंटल तूर पडत्या भावात विकून महिन्याभरात त्याचे पैसे फेडले. तरी तो आजही म्हणतो, "पाहा, काहीच नोयतं. फुकट बायकोले रडवलं." बायको रडली हे खरं आहे. सीटीचा रिपोर्ट यायच्या दोन रात्री मीही झोपलो नाही, वावरात जाऊन बांधावर बसलो होतो. पण त्याला मी एकच विचारतो, तूर जाईल म्हणून मी लिव्हरकडे पाहायचंच नाही का? याचं उत्तर तो देत नाही, भुईआवळ्याचा काढा घ्या म्हणतो.

आजवर आठ झाल्या. नववी मार्चमध्ये.

आता काही गोष्टी राहिल्या. मी शेतकरी आहे, माझ्या आकड्यांवरून वडिलांचं ठरवू नका. सोनोग्राफीत लहान गाठ सुटूही शकते, पोट मोठं असेल तर जास्तच, म्हणून एएफपी सोबत. औषधाआधी एफ-3 (सिऱ्होसिसच्या एक पायरी आधीचे वण) लिहिलं असेल तर काही डॉक्टर बोलावतात, काही नाही, तिथं तुमच्या डॉक्टरांचं ऐका. सिऱ्होसिस असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचंही विचारा, प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅन वीसच्या आत असेल तर तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी बहुतेक टळते. दारू घेत असतील तर बंद, थोडी पण नाही. शुगर असेल तर ती सांभाळा, लिव्हरला ती वेगळी पोखरते.

आणि गावात कोणी कार्डवाली टेस्ट करायला बसवलं तर करू देऊ नका. ती अँटीबॉडी पाहते, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली चीज, आणि अँटीबॉडी बरं झाल्यावरही जात नाही, म्हणून टेस्ट पॉझिटिव्हच येते. विषाणू परत आला का ते फक्त व्हायरल लोडवरून कळते. माझी ती टेस्ट साळ्यानं केली होती, पोरीच्या साखरपुड्याच्या आठ दिवस आधी. पण ते भांडण वेगळं आहे.